तेलातील धूळ आणि पाणी : जुन्नर-आंबेगावातील ट्रॅक्टरची हायड्रॉलिक यंत्रणा

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना इतक्या झपाट्याने बदलते की एकाच बनावटीच्या दोन ट्रॅक्टरांतील तेलाचे आयुष्यही त्यानुसार वेगळे ठरते. माळशेज आणि भीमाशंकरच्या अंगाला भाताची खाचरे आहेत, तेथे चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर एक्सलपर्यंत चिखलात असतो. पूर्वेला येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील पाच धरणांच्या पाण्यावर ऊस, कांदा आणि टोमॅटोचे पट्टे उभे राहिले, आणि पावसाळा सरला की तेथे मातीची बारीक पूड यंत्राच्या प्रत्येक फटीवर बसते. पश्चिमेला तेल बिघडते ते प्रामुख्याने पाण्याने, पूर्वेला धुळीने. ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत मात्र दोन्हींसाठी एकच तक्ता छापलेला असतो.

हायड्रॉलिक यंत्रणेत बंदिस्त तेलावर पंपाने दाब आणला जातो आणि तो दाब नळ्यांतून दट्ट्यापर्यंत पोचून ओझे उचलतो. दर चौरस सेंटिमीटरला १८० किलो दाब असेल, तर ५० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ९ टनांचा जोर येतो, आणि भरलेली डंपिंग ट्रॉली त्यानेच कलते. बहुतेक ट्रॅक्टरांत हे तेल केवळ लिफ्टपुरते नसते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि तेलात बुडालेले ब्रेक यांचाही साठा तोच असल्यामुळे गिअरच्या दातांची झीज थेट लिफ्टच्या झडपेपर्यंत पोचू शकते. अशा सामाईक साठ्यासाठी ‘युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल’ या वर्गाचे तेल बनवले जाते. त्याऐवजी साधे नव्वद नंबरचे गिअर ऑइल ओतले, तर ब्रेक खरखरू लागतात आणि थंडीच्या पहाटे ते घट्ट तेल ओढताना पंप ओरडतो.

या यंत्रणेत सर्वांत घातक ठरतो तो न दिसणारा कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचे काही दिसत नाही, आणि पंपाच्या व झडपांच्या आतील फट मात्र अवघ्या काही मायक्रॉनची असते. त्यामुळे डिपस्टिकवरचे तेल बोटांत चोळून ‘अजून चांगले आहे’ असा निर्वाळा देण्याला फारसा अर्थ नाही. बाजारात फिल्टरची किंमत पाहून घासाघीस होते आणि पंपाची किंमत ऐकून गप्प बसावे लागते, हा व्यवहार या अज्ञानातूनच चालतो.

गाळणीचे काम दोन टप्प्यांत होते. पंपाच्या आधीची जाळीची चाळणी मुद्दाम जाड ठेवलेली असते, कारण ती फार बारीक केली तर पंपाला तेल अपुरे पडून त्यात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना धातू कुरतडतात. बारीक कण अडवण्याची जबाबदारी घड्या घातलेल्या कागदी फिल्टरवर असते. अनेक फिल्टरांत बायपास झडप असते. कागद तुंबला, किंवा गारठ्याने तेल घट्ट झाले, की ती उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाते. यंत्र चालूच राहते, लिफ्ट उचलते, चालकाला काही जाणवत नाही, आणि याच काळात सर्वाधिक झीज होते. काढलेला फिल्टर फेकण्यापूर्वी कापून त्याची घडी उलगडली, तर बरेच कळते: चुंबकाला चिकटणारी चकाकी पोलादाची, पिवळसर कण बुशांचे, काळे तुकडे ओ-रिंगचे, आणि सुताचे तंतू आढळले तर ते पुसायच्या फडक्यातून आत गेलेले असतात.

पूर्व भागात धूळ शिरते ती मुख्यतः कपलरमधून, म्हणजे अवजाराची नळी ट्रॅक्टरला जोडण्याच्या तोंडातून. ट्रॉली, पलटी नांगर अशी अवजारे मागून आणण्याची किंवा भाड्याने घेण्याची चाल सर्वत्र आहे आणि ती सोयीची आहे. पण ट्रॉलीच्या जॅकमध्ये आधीच्या ट्रॅक्टरचे तेल उरलेले असते आणि नळी जोडताच ते नव्या ट्रॅक्टरच्या साठ्यात मिसळते, म्हणजे गावात अवजाराबरोबर तेलही फिरते. जमिनीवर लोळलेल्या नळीचे टोक न पुसता कपलरमध्ये दाबले, तर माती पंपाला न भेटताही झडपेपर्यंत जाते. कपलरचे साधे टोपण हरवू न देणे हा येथे खरा देखभालीचा भाग आहे, आणि नेमके तेच सर्वांत आधी हरवते.

पश्चिमेकडे पाणी आत गेले की तेल दुधाळ होते. कढत तव्यावर त्याचा थेंब तडतडला, तर शंका उरत नाही. मिसळून गेलेले पाणी रात्रभर उभे ठेवूनही निघत नाही. तेल पूर्ण बदलणे आणि पाणी शिरू देणारे सील शोधणे हाच उपाय राहतो.

पॉवर स्टेअरिंगची टाकी अनेक ट्रॅक्टरांत स्वतंत्र आणि लहान असते, म्हणून तेथील दूषितपणा लवकर जाणवतो. चाक शेवटपर्यंत वळवून धरून ठेवले, तर जादा दाब सोडणारी रिलीफ झडप उघडी राहून तेल तापते. त्या टाकीत ब्रेक ऑइल ओतणे ही सर्वांत महागडी काटकसर होय, कारण त्याने नायट्राइल रबराचे सील फुगतात.

निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यात आहेत. साखर कारखान्यांत उसाच्या चरकाचा वरचा रोलर हायड्रॉलिक दाबाखालीच धरलेला असतो. परंतु तेथे गाळप संपल्यावर सगळे उघडून पाहण्यास महिने मिळतात. शेतातल्या ट्रॅक्टरला तशी सुटी नसते, कारण उसामागून कांदा आणि त्यामागून पेरणी येते, म्हणून तारखेऐवजी तासांच्या मीटरवर भिस्त ठेवावी लागते; आणि तो मीटर बंद पडलेला असेल, तर फिल्टर बदलल्याची तारीख व केलेल्या कामाचा अंदाज वहीत टिपणे हाच मार्ग उरतो.

नळीतून गळती शोधताना मात्र हात फिरवू नये, पुठ्ठा फिरवावा. बारीक छिद्रातून उडणारी धार कातडीत घुसते. जखम सुईच्या टोचणीएवढीच दिसली, तरी आतले तेल शस्त्रक्रियेने काढावे लागते आणि तिला काही तासांचा उशीरही परवडत नाही.