घरातील अडगळ : तिची विल्हेवाट व तिचे मोल

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची चाल महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत आहे. त्याच रात्री घर झाडून अलक्ष्मीला बाहेर घालविण्याचाही आचार आहे. लक्ष्मी घरात यावयाची तर आधी तिला जागा करून दिली पाहिजे, हा त्यातील सरळ अर्थ. संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हाती खराटा घेऊन गावोगाव जे शिकविले, त्याचे सारही याहून निराळे नाही. तथापि केर काढणे व अडगळ काढणे या दोन गोष्टी एक नव्हेत. केर रोज निघतो. माळ्यावरील, पडवीतील व पलंगाखालील अडगळ मात्र वर्षानुवर्षे जागची हलत नाही. ती कशी काढावी, तिच्यातून चार पैसे कसे मिळवावेत व हा विषय मुलांपर्यंत कसा न्यावा, याचा विचार या लेखात केला आहे.

अडगळ का साठते?

अडगळ साठविणारा मनुष्य आळशीच असतो असे नाही. आपल्या खेड्यांतील घरांनी पिढ्यान्पिढ्या टंचाई पाहिली आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, गोधडी विरली की तिची फडकी होत. रिकामा डबा धान्याचे माप बने व गळकी बादली परसातील रोपासाठी उपयोगी पडे. वस्तू थोड्या व त्यांचे उपयोग अनेक, असा तो काळ होता. आज वस्तू अनेक झाल्या व एकेकीचे उपयोग थोडे राहिले. बिघडलेल्या दूरचित्रवाणी संचाची गोधडी शिवता येत नाही. परंतु "कधीतरी उपयोगी पडेल" हे जुन्या काळचे वाक्य तेवढे घरात राहिले, आणि त्या वाक्याच्या आधारावर माळा भरत गेला.

दुसरे कारण मायेचे आहे. गेलेल्या वडिलांची पेटी, आजीचे जाते, मुलाचा पाळणा यांवर हात टाकणे कठीण जाते. ही माया हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिच्यासाठी एखादी वस्तू जपून ठेवावी. मात्र एका पेटीच्या आठवणीसाठी सबंध खोली अडवून ठेवू नये.

अडगळीचे भाडे

घर स्वतःचे असल्याने अडगळीला भाडे पडत नाही, असे वाटते. वस्तुतः ते निराळ्या रीतीने भरावे लागते. जुनी कौले, लाकूडफाटा व दगडविटांचे ढीग ही विंचवांची वस्तीच होय. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर आघात करतो. महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला व त्यामुळे असंख्य जीव वाचले. परंतु विंचवाला घरात थारा न देणे हा त्याआधीचा उपाय आहे. अडगळीत उंदीर वाढतात, उंदरांमागे नाग येतो. रात्री फिरणारी मण्यार तर जमिनीवर निजलेल्या माणसाला अंथरुणातच दंश करते. अंगणातील जुने टायर, फुटके डेरे व डबे यांत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यू पसरविणारा डास तेथे अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करावीत असे आरोग्य खाते सांगते. भांडेच नसेल तर कोरडे करण्याचे कामही उरत नाही.

शिक्षकाच्या दृष्टीने आणखी एक तोटा मोठा आहे. "घरी अभ्यासाला जागा नाही" असे सांगणाऱ्या मुलाच्या घरी पुष्कळदा जागा असते. ती मोडक्या खाटेने व रिकाम्या पोत्यांनी व्यापलेली असते.

कामाची रीत

सबंध घर एका दिवसात उपसू नये; दमून सर्व सामान पुन्हा माळ्यावर जाते. एका वेळी एकच कोपरा घ्यावा. आरंभ कागद किंवा स्वयंपाकघरातील डबे यांपासून करावा. आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी घ्याव्यात. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारावे : गेल्या वर्षभरात हिचा उपयोग झाला काय? दुरुस्त केल्यास होईल काय? आपल्याला नको, पण दुसऱ्या कोणाला हवी आहे काय? या उत्तरांप्रमाणे चार ढीग होतात : ठेवावयाच्या, द्यावयाच्या, विकावयाच्या व टाकावयाच्या वस्तू. "नंतर पाहू" असा पाचवा ढीग करू नये. तोच पुढे नवी अडगळ होतो. लग्नकार्यातील मोठी भांडी वर्षभर वापरात नसली तरी ती निरुपयोगी नव्हेत. चार घरांनी मिळून एकच संच ठेवला तर तिघांची जागा मोकळी होते.

ज्याची वस्तू त्याला विचारल्याखेरीज ती काढू नये. वृद्धांच्या वस्तू त्यांच्या पाठीमागे विकल्या तर घर स्वच्छ होते, पण मन दुखावते.

विक्रीतील व्यवहार

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला व भंगारवाला यांना आपण फेरीवाले म्हणून पाहतो. वास्तविक तेच या व्यवहारातील जाणकार होत. बोहारणीने नेलेले कपडे निवडून, धुऊन व शिवून पुन्हा बाजारात येतात. रद्दीचा लगदा होऊन पुन्हा कागद बनतो. बॉक्साइटपासून नवे ॲल्युमिनियम काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते. भंगाराला भाव येतो तो या कारणाने. तांब्यापितळेची जुनी भांडी वितळविण्यासाठी विकली जातात, त्यांना मोड म्हणतात. "मोडीत काढणे" हा आपला वाक्प्रचार याच व्यवहाराशी जुळलेला आहे.

अधिक पैसे मिळण्याचे पहिले साधन म्हणजे वर्गीकरण. समजा, एका घरात २० किलो भंगार निघाले व सरसकट लोखंड म्हणून ३० रुपये दराने विकले. त्याचे ६०० रुपये आले. तेच निवडून पाहिले असता १५ किलो लोखंड, ३ किलो ॲल्युमिनियम व २ किलो पितळ निघाले. त्यांचे दर अनुक्रमे ३०, १२० व ४०० रुपये धरल्यास ४५०, ३६० व ८०० असे एकूण १,६१० रुपये होतात. दर केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. ते रोज बदलतात. परंतु अर्ध्या तासाच्या निवडीने १,०१० रुपयांचा फरक पडला, हे ध्यानात घ्यावे. निवडीसाठी एक लोहचुंबक पुरतो : लोखंड त्याला चिकटते, तांबे, पितळ व ॲल्युमिनियम चिकटत नाही.

दुसरे साधन म्हणजे वजनावर लक्ष. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे की नाही ते पाहावे. शंका आल्यास पाच लिटर पाण्याचा डबा आधी रिकामा व मग भरलेला तोलावा. फरक पाच किलोचा आला पाहिजे. दोन ठिकाणी भाव विचारल्यावरच सौदा करावा. जी वस्तू चालू स्थितीत आहे ती किलोवर विकू नये. शिलाईयंत्र, सायकल, लाकडी कपाट यांना आठवडी बाजारात किंवा शेजारच्या गावात गिऱ्हाईक मिळते व भंगारापेक्षा पुष्कळ अधिक किंमत येते.

आता भ्रमणध्वनीवरूनही जुन्या वस्तू विकल्या जातात. तेथे एक नियम पाठ असावा : पैसे मिळण्यासाठी आपला गुप्तांक द्यावा लागत नाही. "पैसे पाठवितो, एवढी खूण टिपून गुप्तांक दाबा" असे जो सांगतो, तो पैसे नेण्यासाठीच सांगतो. जुना भ्रमणध्वनी विकताना आतील सिमकार्ड काढावे व सर्व मजकूर पुसावा. जुनी मोटारसायकल विकताना परिवहन कार्यालयात नावाची बदली झाल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे समजू नये. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

जे विकू नये

रद्दीच्या गठ्ठ्यातून सातबाऱ्याचे उतारे, खरेदीखते, पावत्या व गुणपत्रके निघून जाण्याचा संभव असतो. म्हणून रद्दी देण्यापूर्वी प्रत्येक कागद उलटून पाहावा. घरात मोडी लिपीतील दप्तर असेल तर ते कोणत्याही भावाने रद्दीत देऊ नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरचे असेच कागद जमवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. अशा कागदांविषयी तेथील जाणकारांस विचारावे.

पुण्यातच दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशा नित्याच्या घरगुती वस्तू जमविल्या. बालवयात निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले व तो संग्रह १९७५ साली राज्यशासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू दुसऱ्यांच्या माळ्यावर धूळ खात होत्या, त्या तेथे इतिहास सांगत आहेत. याचा अर्थ प्रत्येक जुनी वस्तू संग्रहालयात शोभेल असा नव्हे. पण वितळविण्यापूर्वी एकदा जाणत्या माणसास दाखवावी. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व कलावस्तू यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, हेही विसरू नये.

कीटकनाशकांचे रिकामे डबे व बाटल्या विकूही नयेत व घरात वापरूही नयेत. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ बालके दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीतील विष आढळले. विषाचा डबा कितीही धुतला तरी तो अन्नाचा होत नाही. असा डबा भोक पाडून निकामी करावा. तांब्यासाठी विजेच्या तारा जाळणे किंवा शिशासाठी जुनी बॅटरी घरी फोडणे हेही तितकेच घातक आहे. तो धूर व ते शिसे मुलांच्या शरीरात जाते. बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदारास परत द्यावी. विजेची व संगणकाची निरुपयोगी उपकरणे अधिकृत संकलन केंद्राकडे सोपवावीत. त्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

वर्गात व शाळेत

हा विषय वर्गात सहज शिकविता येतो. वरील उदाहरण गणिताच्या तासाला होईल, चुंबकाचा प्रयोग परिसर अभ्यासात बसेल व घरातील एका जुन्या वस्तूची माहिती आजी-आजोबांस विचारून लिहिणे हा भाषेचा उत्तम स्वाध्याय आहे. धारदार, गंजलेल्या किंवा विषारी वस्तूंना मात्र मुलांचे हात लावू देऊ नयेत, व कोणाच्या घरी किती अडगळ निघाली याची तुलना वर्गात करू नये. गरिबाची अडगळ ही पुष्कळदा त्याची शिल्लक असते.

शाळेतील मोडक्या बाकांस व जुन्या तक्त्यांस हा नियम जसाच्या तसा लागू नाही. ती सार्वजनिक मालमत्ता होय. जडवस्तू संग्रह नोंदवहीतील प्रत्येक वस्तूचे रीतसर निर्लेखन मंजूर झाल्याखेरीज मुख्याध्यापकांनी ती विकू नये, देऊ नये अथवा जाळू नये. मात्र नियमाच्या भीतीने ती एखाद्या खोलीत वर्षानुवर्षे कोंडून ठेवणेही इष्ट नाही. प्रस्ताव वेळीच सादर करावा. खोली मुलांसाठी आहे.

विक्रीतून आलेले पैसे थोडेच असतील. ते घरखर्चात विरून जाण्यापूर्वी त्यांतून एक दिवा, एक चटई व भिंतीला एक फळी घ्यावी, आणि जेथून अडगळ हलविली तेथेच ती मांडावी. संध्याकाळी त्या कोपऱ्यात एखादे मूल पुस्तक उघडून बसले, म्हणजे घर झाडल्याचे सार्थक झाले.