वाघ पाहावयास गेलो, धनेशाचे घर पाहून आलो

‘सफारी’ म्हटले की डोळ्यांपुढे आफ्रिकेतील सेरेंगेटीचे अफाट माळरान उभे राहते. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला. अरबी ‘सफर’ वरून तो तिकडे गेला, आणि तीच सफर आपल्या मराठीतही आली. आफ्रिकेस जाणे आम्हां कडोलीकर शेतकऱ्यांच्या ऐपतीबाहेरचे. परंतु बेळगावहून तीन तासांच्या वाटेवर दांडेलीचे अरण्य आहे. ईस्टरनंतर मुलांना सुट्टी लागली, तेव्हा खानापूर, लोंढा, रामनगर ह्या मार्गाने आम्ही दांडेलीस जाऊन आप्तांकडे मुक्काम केला.

निघतेवेळी घरात थोडी कुरबूर होती. आमच्या बांधावर आजोबांच्या वेळचा एक आंबा आहे. खोड पोकळ झाले आहे, फळ धरत नाही, आणि सावलीने बटाट्याच्या दोन सऱ्या वाया जातात. लाकडाचा व्यापारी येऊन भाव सांगून गेला होता. धाकट्या बंधूंचे म्हणणे, झाड विकावे व त्या पैशांत पंप दुरुस्त करावा. आईंचे मन होत नव्हते. गोष्ट तशीच ठेवून आम्ही निघालो होतो.

दांडेलीचे अभयारण्य १९५६ साली घोषित झाले. पुढे २००७ साली ते व शेजारचे अणशी मिळून व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव मिळाले. भल्या पहाटे उघड्या जीपमधून आम्ही आत शिरलो. सेरेंगेटीत जनावर मैलभरावरून दिसते. येथे दहा पावलांवरचेही झाडोरा झाकून टाकतो. म्हणून येथे डोळ्यांआधी कान लागतात.

प्रथम चितळांचा कळप दिसला. मग एका वळणावर गवे उभे होते. काळेभोर अंग आणि गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय! ह्याला लोक बायसन म्हणतात; पण खरे बायसन अमेरिकेत व युरोपात. नर गवा टनाच्या घरात भरतो, तरी आम्हांस पाहून तो निमूटपणे झाडीत शिरला. उंच फांदीवर शेकरूही दिसली. वाघाचे मात्र ओल्या मातीतील ठसेच काय ते दृष्टीस पडले. मुले हिरमुसली.

इतक्यात डोक्यावर आगगाडीच्या इंजिनासारखा फसफस आवाज आला. वाटाड्याने जीप थांबवली व हळूच म्हणाला, “काका, मंगट्टे!” कानडीतला मंगट्टे म्हणजे आपला धनेश. दांडेलीत त्याच्या चार जाती आहेत. हा त्यांतील सर्वांत मोठा, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे हातभर नव्हे, चांगला दोन हात लांब. तो एका जुनाट वृक्षाच्या ढोलीपाशी जाऊन बसला.

वाटाड्याने सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो. विणीच्या काळी मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांच्या गराने दार आतून लिंपून घेते. चोच मावेल एवढीच फट उरते. ह्याच काळात तिची उडण्याची पिसे गळून नवी येतात. म्हणजे मनात आले तरी तिला उडता येत नाही. कित्येक आठवडे तिचा आणि पिल्लाचा घास सर्वस्वी नरावर अवलंबून असतो. त्याला कोणी मारले, तर आतल्यांवर उपासमार ओढवते.

नराने गळ्यातून एकेक उंबर काढून फटीतून आत द्यावयास सुरुवात केली. मुलांनी मोजली, एकोणीस फळे! स्वतः एकही न गिळता तो पुन्हा उडून गेला.

“एवढी मोठी चोच, मग दुसरी ढोली का कोरत नाही?” बंधूंनी विचारले.

“कोरता येत नाही त्याला, काका. आयतीच लागते. म्हातारे, पोकळ झाड मिळाले तरच त्याचा संसार. एकच ढोली तो वर्षानुवर्षे वापरतो.”

परतीच्या वाटेवर बंधू फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेतावर जाऊन आंब्याखाली बराच वेळ उभे राहिले. आमच्या आंब्यात धनेश नाही, हे खरे. परंतु त्याच्या पोकळीत पोपट आहेत, आणि संध्याकाळी बाहेर पडणारी पिंगळ्यांची जोडीही आहे. शेतातले उंदीर तेच टिपतात. आम्ही ज्याला निकामी म्हणत होतो, ते कोणाचे तरी भरलेले घर होते.

व्यापाऱ्यास नकार कळविला. सावली करणाऱ्या दोन फांद्या तेवढ्या पाखरांची वीण संपल्यावर छाटावयाच्या असे ठरले. पंपाच्या पैशांची सोय अद्याप व्हावयाची आहे. ते ओझे हलके झालेले नाही. तरीही आईंच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून आम्हांस वाटले की सफर वाया गेली नाही. वाचकहो, आपल्या बांधावरही असे एखादे म्हातारे झाड असेल. कुऱ्हाड लावण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्याखाली स्वस्थ उभे राहून पाहा, आत कोण राहते ते.