प्रथिनांचे तुकडे व त्यांचें मूळ स्थान

एखाद्या जुन्या पोथीचे कपटे हातीं आले, तर त्यांतील प्रत्येक कपटा मुळांत कोणत्या पानावरचा, हें कसें ठरवावें? प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें असाच प्रश्न असतो. ट्रिप्सिन नांवाच्या पाचक द्रव्यानें ते प्रथिनांचे तुकडे करितात, आणि वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या साह्यानें त्यांतील अमिनो आम्लांचा क्रम ताडितात. मग तो तुकडा ज्या जनुकावरून घडला, त्याचें स्थान संपूर्ण जनुकसंचांत शोधावयाचें.

मनुष्याचा जनुकसंच ही चारच अक्षरांत लिहिलेली, सुमारें ३०० कोटी अक्षरांची पोथी होय. आणि जुन्या पोथ्यांप्रमाणें तींतही शब्द सुटे लिहिलेले नाहींत. तीन अक्षरांची मिळून एका अमिनो आम्लाची खूण होते. परंतु वाचन कोठून आरंभावें याचे तीन पर्याय, व समोरच्या सूत्रावरील उलट वाचनाचे आणखी तीन, असे सहा मार्ग निघतात. शिवाय प्रथिन घडण्यापूर्वीं मधला बराच मजकूर गाळला जात असल्यामुळें, एकाच तुकड्याचा अर्धा भाग येथें, तर उरलेला हजारों अक्षरें पलीकडे सांपडतो! हें काम हातानें होणें नाहीं. त्यासाठीं संगणकाच्या आज्ञावल्या रचाव्या लागल्या.

तथापि स्थान सांपडलें म्हणजे तेंच खरें, असें नव्हे. ल्यूसीन व आयसोल्यूसीन हीं दोन अमिनो आम्लें वजनानें अगदीं सारखीं. यंत्रास सामान्यतः त्यांतील भेद कळत नाहीं. बंगळूर येथील जैवमाहिती संस्था व अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या पुढाकारानें २०१४ सालीं मानवी प्रथिनांचा एक नकाशा प्रसिद्ध झाला. त्यांत १७,२९४ जनुकांचीं प्रथिनें नोंदलेलीं होतीं. कार्य खरोखरच मोठें. पण त्याच वर्षीं दुसऱ्या अभ्यासकांनीं एक शंका काढिली: नाकांतील पेशी तपासल्याच नव्हत्या, मग वास ओळखणारीं इतकीं प्रथिनें आलीं कोठून? त्या नोंदींस भरंवशाचा पुरावा त्यांना आढळला नाहीं.

म्हणूनच इंग्लंडांतील सँगर संस्थेची, २०१७ सालीं प्रसिद्ध झालेली ‘पोगो’ ही आज्ञावली आम्हांस विशेष आवडते. एका जनुकाच्या पेशींत कधीं कधीं अनेक नकला निघतात. जो तुकडा एकाच नकलेंत बसतो, तो ती तांबडा दाखविते. एकाच जनुकाच्या अनेक नकलांत बसणारा काळा. आणि अनेक जनुकांत बसणारा करडा. करडा तुकडा टाकून द्यावयाचा नसतो. परंतु केवळ त्याच्या आधारावर अमुक जनुक सांपडलें, असें म्हणतां येत नाहीं. त्यासाठीं त्याच प्रथिनाचा दुसरा, तांबडा किंवा काळा, तुकडा मिळेपर्यंत थांबावें लागतें.