द्राक्षांचा मळा आणि सेंद्रिय शेती

नाशिक जिल्ह्यांतील निफाड व दिंडोरी या तालुक्यांतून जातांना दुतर्फा द्राक्षांचे मांडव दिसतात. या मांडवांवर 2010 सालीं मोठें संकट ओढवलें. युरोपांत पाठविलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या, वेलीची वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश मर्यादेहून अधिक आढळला आणि बागाइतदारांस जबर तोटा सोसावा लागला. तेव्हांपासून ‘अवशेषमुक्त’ हा शब्द जिल्ह्यांत विशेष ऐकूं येऊं लागला. पुष्कळांस मात्र तो आणि ‘सेंद्रिय’ हे शब्द एकच वाटतात. तसें नाहीं.

अवशेषमुक्त मालासाठीं औषध फवारतात. परंतु फवारणी व काढणी यांत ठराविक दिवसांचें अंतर राखतात. सेंद्रिय शेतींत कृत्रिम खत वा औषध मुळींच वापरावयाचें नसतें. पहिली रीत फळाची परीक्षा करिते, दुसरी जमिनीची.

आतां जमिनीस अन्न कोठून मिळावें? इंदूर येथें सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करून 1931 सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. पालापाचोळा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर द्यावे, ओल राखावी, ढीग वरचेवर परतावा. म्हणजे सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत होतें. यांतील रहस्य हवेंत आहे. हवा मिळाली तर सूक्ष्म जंतु काडीकचरा कुजवितात व ढीग तापतो. हवा कोंडली तर नुसती दुर्गंधि सुटते. छाटणीच्या काड्या जाळून टाकण्याऐवजीं बारीक करून याच कामीं लावाव्या.

खरी कसोटी रोगांची. अवकाळी पाऊस आला कीं केवडा पसरतो. त्यावर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 100 लिटर पाणी यांचें बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतींतही चालतें. तथापि तांबें जमिनींत सांचत जातें, म्हणून त्यासही मर्यादा आहे. ‘सेंद्रिय’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असा सरसकट अर्थ घेऊं नये.

शिवाय 2001 सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेनुसार, द्राक्षासारख्या बहुवर्षायु पिकास प्रमाणपत्रापूर्वीं तीन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. या काळांत उत्पन्न घटण्याचा संभव असतो, आणि सेंद्रिय मालाचा भाव तर हातीं येत नाहीं. कर्ज काढून मांडव उभारलेल्या कुटुंबास हा भार थोडा नव्हे. म्हणून सारा मळा एकदम न बदलतां, शेजारच्या फवारणीपासून दूर असलेल्या तुकड्यापासून आरंभ करावा, प्रत्येक छाटणीची नोंद ठेवावी, आणि त्या तुकड्यांतील मातीचा भुसभुशीतपणा व खर्च पाहून पुढलें पाऊल टाकावें. ग्राहकानेंही घासाघीस करितांना या तीन वर्षांची आठवण ठेवावी.