वर्गणी आणि दप्तर

अमेरिकेतील नेटफ्लिक्स कंपनीने १९९८ साली डीव्हीडीच्या तबकड्या टपालाने भाड्याने देण्याचा व्यवसाय मांडला आणि पुढच्याच वर्षी त्याला मासिक वर्गणीची जोड दिली, तेव्हा पाहून झालेली तबकडी लिफाफ्यात घालून टपालपेटीत टाकावी आणि यादीतली पुढची घरपोच यावी, असा साधा परिपाठ पडला. या साधेपणाच्या मुळाशी तेथील कायद्याचे एक भक्कम कलम होते: रीतसर विकत घेतलेली चित्रपटाची प्रत भाड्याने देण्यास निर्मात्याची अनुज्ञा लागत नाही, त्यामुळे त्याची मर्जी फिरली, तरी कपाटातली तबकडी काढून नेण्याचा अधिकार त्याला उरत नसे.

२००७ साली हीच कंपनी चित्रपट थेट संगणकावर दाखवू लागली. वर्गणीदारास केवळ सोय वाढल्याचे दिसले. वस्तुतः मालकाची जागा भाडेकरूने घेतली होती, कारण असे प्रक्षेपण मुदतीच्या करारानेच करता येते आणि मुदत सरली की चित्रपट बिनबोभाट यादीतून उठतो. स्वतःच निर्मिती करणाऱ्या कंपन्यांकडे तरी सारे सुरक्षित राहील, ही आशाही भोळी ठरली. डिस्नेने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी प्रकाशात आणलेली 'विलो' ही मालिका २६ मे २०२३ रोजी, म्हणजे सहा महिनेही पुरे होण्याआधी, खर्चकपातीच्या धोरणात आपल्या सेवेवरून काढून टाकली. तिची तबकडी बाजारात आलेलीच नव्हती. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला नेटफ्लिक्सने आपली अखेरची तबकडी टपालात टाकली.

जतन हे निराळेच कर्म आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ठिकठिकाणांहून रिळे जमविली, तोवर १९३१ चा 'आलम आरा' हातचा गेला होता. संगणकीय प्रत तरी चिरंजीव असते काय? मुळीच नाही. मोठे संग्रह ज्या एलटीओ फितींवर साठवितात, त्यांच्या सातव्या पिढीचे यंत्र पाचव्या पिढीपर्यंतचीच फीत वाचते; म्हणून शाबूत फितीचीही काही वर्षांनी नवी नक्कल करावी लागते, आणि हा खर्च कोणत्याच ताळेबंदात शोभून दिसत नाही.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाला छापील पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांच्या हवाली करावी लागते. चित्रपट वा मालिका त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्या आणल्या पाहिजेत, आणि तेही लवकर.