जुनी गाडी, दूरच्या वाटा (भाग ४) : आधी खाली वाका

मागच्या आठवड्यात इंजिन पाहिलं. मालवणात मात्र मी बॉनेट उघडायच्या आधी पोतं अंथरून गाडीखाली शिरतो. इथल्या एका मेस्त्रींनी ही सवय लावली. ‘भायर काय बघतास? आधी खाली बघा,’ असं ते म्हणाले होते. समोर नवाकोरा रंग दिलेली जुनी जीप होती. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, जरा दाबला, आणि तो चेसिसमध्ये बोटभर आत गेला.

मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं आणि खारट ओल लोखंडाला झपाट्याने गंजवते. पुळणीवर फिरवलेल्या गाडीच्या पोकळ चेसिसमध्ये वाळू साठते, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. म्हणून हातोडीने हलकेच ठोकत जा. नारळ वाजवून घेतो तसंच हे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे थांबा. खालून ताजा काळा थर मारलेला असेल तर माझा संशय वाढतोच.

मग फोर बाय फोर. बोलेरो असो, थार असो वा जिप्सी, जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल जोडला की दोन्हींना सारखंच फिरावं लागतं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात. सुट्या मातीत चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तो ताण गिअरवर येतो. तेव्हा ही चाचणी सड्यावरच्या मातीत घ्या. लिव्हर ‘लो’मध्ये टाका, चढ चढवा आणि पुढची चाकं माती उडवतात का, हे कुणाला तरी बाहेरून पाहायला सांगा. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर जाम झालेला असतो. काही जिप्सींचे पुढचे हब हाताने फिरवून लॉक करावे लागतात. तेही फिरवून पाहा. डिफरन्शियलचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी गेलेलं आहे. नारूरहून रांगण्याच्या पायथ्याकडे किंवा पावसात शिवापूरला जायचं असेल, तर या गोष्टी रंगापेक्षा लाखपटीने मोलाच्या.

गोव्याची गाडी स्वस्त मिळते म्हणून अनेकजण भुलतात. तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. राज्याबाहेरची गाडी इथे 12 महिन्यांहून जास्त राहणार असेल तर एमएच 07 नंबर घ्यावाच लागतो आणि इथला करही भरावा लागतो. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. चौदाव्या वर्षाची गाडी घेताना नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीतच धरा. आरसीवरचा चेसिस नंबर प्रत्यक्ष चेसिसवर बोटाने चाचपून पाहा. खारात तो आकडा झिजलेला असेल, तर नोंदणीच्या तपासणीतच गाडी अडकेल.

पुढच्या आठवड्यात टायर आणि पाटे.