आधी थांबायला शिका!

आमची आकुर्डी म्हणजे दुचाकीचं गाव. १९७२ साली 'चेतक' आली आणि इथल्या कितीतरी घरांच्या चुली स्कूटरच्या जिवावर पेटल्या. २०२२ मध्ये इथंच इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू झाला. अशा गावात राहून मी मात्र वयाच्या ४२व्या वर्षापर्यंत मागच्याच सीटवर! ह्यांना चाकणला जायला कंपनीची बस मिळाली आणि मोटरसायकल दारात धूळ खात पडली. म्हटलं, आता शिकायचंच. लर्निंग लायसन्स काढलं, गाडीला लाल 'एल' लावला आणि धाकट्या दिरांना गुरू केलं.

रविवारी सकाळी प्राधिकरणातल्या रिकाम्या रस्त्यावर पहिला धडा. मला वाटलं, गिअर शिकवतील. तर म्हणाले, "वहिनी, आधी थांबायला शिका. पळवायला काय, कुणीही पळवतं." मला हसूच आलं.

पंधरा दिवसांत ते हसू अंगाशी आलं. स्टेशनकडे वळताना कुत्रं आडवं आलं. वळणावर वाळू सांडलेली. घाबरून मी उजव्या हाताचा पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि गाडी सटकन आडवी! गुडघा, कोपर सोलवटलं. डोकंही आपटलं, पण चीर गेली ती हेल्मेटला. ती चीर बोटाने चाचपत सासूबाई म्हणाल्या, "पुरे झालं आता." दीर म्हणाले, "पुरे नाही आई, पुन्हा पहिल्यापासून."

मग मात्र मन लावून शिकले. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत न्यायचे. नुसत्या मागच्या ब्रेकने गाडी लवकर थांबत नाही, कारण थांबताना बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात नाही. ताशी ४० किलोमीटरने जाताना एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं! पुढच्या गाडीला चिकटून का जायचं नाही, ते तेव्हा कळलं. पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटाराची झाकणंही निसरडी होतात, तिथे ब्रेक नको.

आमच्या भागात खरी भीती कंटेनर-ट्रेलरची. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. तो डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाकं आतून कापत येतात. त्यामुळे त्याच्या डाव्या बाजूच्या फटीत घुसायचं नाही. दोन मिनिटं उशीर झाला तर झाला.

आता आपल्या बायकांच्या गोष्टी. ओढणी गळ्यात मोकळी नको. ती चाकात, चेनमध्ये गेली की गळ्याला फास बसतो. कमरेला घट्ट बांधा, नाहीतर वर जॅकेट घाला. उंच अंबाडा किंवा पोनीटेल असेल तर हेल्मेट नीट बसत नाही, केस खाली मानेशी बांधा. नवऱ्याचं ढिलं हेल्मेट उपयोगाचं नाही. आपल्या मापाचं, आयएसआय मार्कचं घ्या आणि पट्टा लावा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. मी माझं लगेच बदललं.

पक्कं लायसन्स मिळाल्यावरही चार महिने मी एकटीच चालवली. परवा पहिल्यांदा सासूबाईंना दवाखान्यात नेलं. नऊवारी नेसत असल्याने त्या दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसल्या, डोक्यावर नवं हेल्मेट! सिग्नलला गाडी धक्का न बसता थांबली, तसं मागून आवाज आला, "थांबतेस गं छान!"

मैत्रिणींनो, एवढी मोठी शाबासकी मला आजवर मिळाली नव्हती.